नावाडीण बोलेना

सोमवार, ३ मार्च

आजपासून दादाशी बोलणं बंद. हे कुठेतरी लिहून ठेवायला हवं म्हणून ही वही काढली. नाहीतर चार दिवसांनी मीच विरघळेन आणि "दादा, चहा घेतोस का" करत त्याच्या टेबलाशी जाऊन उभी राहीन. मी लवकर तापते, लवकर निवते, आणि घरच्यांना ते पाठ झालंय. या वेळी निवायचं नाही.

झालं ते असं. आमचा गेम जो प्रकाशक बाजारात आणणार आहे त्याचा माणूस सकाळी आला. आम्ही त्याला मऊसाहेब म्हणतो, कारण तो वाईट बातमीसुद्धा लोण्यात घोळून देतो. मी जिन्यावर होते. आत दादा त्याला चांगलं मोठ्यानं सांगत होता, "एका डिस्कमध्ये बसवू. काळजीच करू नका."

बसवू! कोण बसवणार? दादा गोष्ट लिहितो, दादा फिल्मा सजवतो, दादा मुलाखती देतो. डिस्कवर काय कुठे बसणार ते मी ठरवते. ऑफिसात मला "कपाट" म्हणतात ते काही माझ्या अंगकाठीवरून नाही. आणि या कपाटाला न विचारता यानं पाहुण्याला शब्द देऊन टाकला.

मी आत गेले आणि मऊसाहेबासमोरच म्हणाले, "नाही बसणार." दादा हसला. लहानपणी मी रडायला लागले की हसायचा तसंच. मऊसाहेबाला म्हणाला, "हिचं असंच असतं. आधी नाही म्हणते."

हिचं असंच असतं! परक्या माणसासमोर! कंपनी दोघांची आहे. पाटीवर दोघांचं नाव आहे. मी फाइल आपटली आणि बाहेर आले. तेव्हापासून एक शब्द बोललेली नाही.

बुधवार, ५ मार्च

वहिनीचं टपालखातं झालंय. वहिनी म्हणजे दादाची बायको. ऑफिसात कुणी काय केव्हा संपवायचं ते तिच्या हातात असतं. दादाच्या आणि माझ्या टेबलामध्ये प्लायवूडची एक ठेंगणी भिंत आहे, जरा मान वर केली तर पलीकडच्याचं डोकं दिसतं. तरी ती बिचारी दर वेळी वळसा घालून येते.

"तो विचारतोय, किती जास्त होतंय?"

"त्याला सांग, एक डिस्क गच्च भरून वर आणखी निम्मी."

गेली. आली.

"तो म्हणतोय, एवढं आलं कुठून?"

"त्याला सांग, तुझ्या फिल्मांतून."

"अगं, ऐकतोय तो. इथून सगळं ऐकू जातं."

"ऐकतोय ना? मग तू कशाला दमतेस?"

पलीकडे खुर्ची करकरली. पण तोंड उघडलं नाही त्यानं. मूग गिळून बसला.

एवढं आलं कुठून म्हणे! इतकी वर्षं गेम बनवतोय आणि हे विचारतो. बाहेरच्या लोकांना वाटतं, गेममधलं जग मोठं म्हणून त्याला जास्त डिस्क लागतात. छे! डोंगर, घरं, गल्ल्या यांना फारशी जागा लागतच नाही. एकदा केलेलं झाड हजारदा उभं करता येतं. जागा खातात त्या मधल्या फिल्मा आणि आवाज. फिल्मचं एक मिनिट म्हणजे हजारावर वेगवेगळी चित्रं. कितीही दाबून भरा, फुगलेलीच राहतात. त्यात प्रत्येक माणसाचं प्रत्येक वाक्य पाच भाषांत. खेळणारा त्यातली एकच ऐकणार, पण डिस्कवर पाचही हव्यात, कारण ती कुणाच्या घरी जाणार ते आम्हाला माहीत नसतं. आणि डिस्क काही आपल्याला हवी तेवढी ताणता येत नाही. ती ज्या यंत्रात घालून खेळायचं तो कन्सोल बनवणाऱ्यांनी जी ठरवली ती. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे दादाला शाळेत शिकवलं नव्हतं काय? बाई तर आम्हा दोघांना एकच होत्या.

शुक्रवार, ७ मार्च

मऊसाहेबाची मेल आली. आम्हा दोघांना. इतकी गोड की वाचून दात शिवशिवले.

त्यांचं म्हणणं, दुसरी डिस्क म्हणजे छपाई दुप्पट, डबी जाड, हरवायला आणि ओरखडायला एक वस्तू जास्त. "शिवाय खेळणाऱ्याला मध्येच सोफ्यावरून उठावं लागतं. आणि उठलेला माणूस परत येईलच, असं आपण कसं धरून चालावं?" यावर त्यांचा उपाय: नदीपलीकडचं गाव कापून टाका. अलीकडचा भाग तेवढा एका डिस्कवर आरामात बसेल.

तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, पलीकडचं गाव म्हणजे काय नख आहे, वाढलं की कापलं? अर्धा गेम आहे तो! गोष्ट अशी की घर सोडून गेलेल्या बहिणीला शोधत एक भाऊ निघतो. अर्धा गेम अलीकडे भटकतो, मग नदी ओलांडतो, आणि पलीकडच्या गावात ती त्याला सापडते. गाव कापलं की तो काठापर्यंत येणार आणि संपलं. बहीण कुठे? तर जागा नव्हती म्हणून काढून टाकली! (गोष्ट तशी काही थोर नाही. दादाला नवीन काही सुचत नाही हे मी पूर्वीपासून सांगत आलेय. या रुसलेल्या बहिणी तो कुठून शोधून आणतो देव जाणे.)

पण ऑफिसात चित्रं करणाऱ्या आमच्या मुलींनी त्या गावाच्या भिंतीचा एकेक दगड रंगवलाय. एका घराच्या उंबऱ्याची झीजसुद्धा दाखवलीय, माणसं ये-जा करून झालेली. ते सगळं एका गोड मेलवर सोडून द्यायचं?

दादा टेबलावरून उठला, गाडीची किल्ली घेतली आणि गेला. असा हा. आग लागली की फिरायला जातो.

मंगळवार, ११ मार्च

दुसरी डिस्क मिळाली.

वहिनी सांगत होती, शुक्रवारी दादा मऊसाहेबाच्या ऑफिसात जाऊन बसला, सोमवारीही बसला, आणि हलेचना. शेवटी त्यांनी हो म्हटलं. मला आनंद व्हायला हवा होता. पण मी आधीपासून नाही बसणार, नाही बसणार म्हणून घसा कोरडा केला, तेव्हा हसला कोण? आता स्वतः जाऊन भांडून आला आणि हिरो झाला. माझं डोकं आणि याची मिरवणूक.

वर त्याला वाटतं, दोन डिस्क म्हणजे दुप्पट जागा. वहिनीला म्हटलं, त्याला सांग, वेगळं बिऱ्हाड केलं की दोन्हीकडे चूल मांडावी लागते. तो भाऊ, त्याचे कपडे, त्याची चाल, पावलांचे आवाज, नकाशा, सगळ्या खिडक्या आणि पाट्या, हे दोन्ही डिस्कवर हवं. नाहीतर दर दोन मिनिटांनी माणसाला डिस्क बदलायला उठवशील. म्हणजे पहिलीवर अजूनही थोडं जास्तच होतंय.

वहिनी गेली. परत आली नाही. दुपारी बघते तर फोल्डरमधून सुरुवातीची फिल्म गायब. ती फिल्म म्हणजे दादाचा जीव की प्राण. घराचं दार, पाऊस थांबलेला, बहिणीच्या पावलांचे चिखलातले ठसे. दोन वर्षं तिच्यावर बसला होता. कुणाला तिच्याकडे बोट दाखवू द्यायचा नाही. सरळ कापून टाकली, आणि पहिली डिस्क बसली.

वहिनी म्हणाली, "काहीतरी बोल की त्याला."

मी म्हटलं, "काय बोलू? मी सांगितलं होतं का कापायला? हा सगळा माझ्यावर उपकार दाखवायचा प्रकार आहे."

वहिनीनं माझ्याकडे असं पाहिलं की मीच वेडी.

गुरुवार, १३ मार्च

आज आईचं रेकॉर्डिंग होतं. आई माझ्याकडे राहते. आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती, त्यामुळे आवाज अजून खणखणीत. नदीवरच्या नावाडिणीचा आवाज तिचाच घ्यायचा हे दादानं पूर्वीच ठरवलं होतं, आम्ही बोलत होतो तेव्हा.

ती नदी खरं तर माझी. गोष्टीत आधी नदी नव्हतीच. मीच एकदा म्हटलं होतं, न जाणो दोन डिस्क कराव्या लागल्याच, तर मध्ये अशी जागा हवी जिथून मागे फिरता येणार नाही. नाहीतर खेळणारा इकडून तिकडे, तिकडून इकडे करत राहणार आणि डिस्क बदलता बदलता त्याचा जीव जाणार. दादानं नुसती मान हलवली, आणि पुढच्या आठवड्यात गोष्टीत नदी आली. एकच नाव, एकच फेरी. नावाडीण काठावर उभी राहून डिस्क बदलायला सांगते आणि मग पलीकडे नेते.

जेवताना आईनं सगळं सांगितलं. कागदावर लिहिलं होतं, "पैलतीरी जाण्यासाठी कृपया दुसरी डिस्क घाला." आई म्हणाली, "असं कुठली नावाडीण बोलते रे? ही तर आमच्या एक्स्चेंजची बाई झाली." आणि आपल्या मनानं म्हणाली, "ऊठ बघू. बसून कुणी नदी ओलांडलीये? दुसरी डिस्क घाल."

आवाजाचं काम बघणारा आमचा माणूस, ज्याला आम्ही "कान" म्हणतो, हसायला लागला. "आजी, नावेत बसूनच जातात की."

आई म्हणाली, "नावेत बसायला तरी आधी उठावंच लागतं."

दादानं तेच वाक्य ठेवलं म्हणे. दुसरा टेकसुद्धा घेतला नाही.

त्यानंच आईला गाडीतून सोडलं. खालूनच गेला. आईनं वर ये म्हटलं तर म्हणतो, "तिनं बोलावलं तर येतो."

मी का बोलावू? त्याला हे घर परकं आहे? पूर्वी बोलावल्याशिवाय येऊन माझा फ्रीज उपसत होता, तेव्हा आमंत्रण लागत नव्हतं. आता बरा मानपान आठवला! आईला म्हटलं, त्याला यायचं तर येईल, दार उघडंच आहे. आई म्हणाली, "खालून दिसत नाही गं, दार उघडं आहे की बंद." आणि ताटं उचलायला लागली.

गुरुवार, २० मार्च

सगळं लावून झालं होतं. डिस्क फिरते तेव्हा तिची बाहेरची कड जास्त वेगानं वाचली जाते, म्हणून सारखं लागणारं सामान कडेला. जी माणसं एकत्र दिसणार त्यांचे आवाज शेजारी शेजारी, म्हणजे वाचणाऱ्या भिंगाला धावाधाव नको. मधूनमधून एकच गोष्ट दोनदा, तीनदाही ठेवावी लागते, त्याच्यासाठी. हे कुणाला दिसत नाही. चुकलं तरच दिसतं.

आणि आज वहिनी वळसा घालून आली.

"तो म्हणतोय, नदीचा प्रसंग पहिल्या भागाच्या शेवटी नको. दुसऱ्याच्या सुरुवातीला हवा."

"का?"

"म्हणतोय, पहिला भाग संपताना भाऊ नुसता काठावर उभा हवा."

"हे आज सुचलं? सगळं लावून झाल्यावर?"

"मला काय विचारतेस? मान वर कर आणि त्याला विचार."

मान वर केली नाही. उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. इथे एक वस्तू हलली की तिच्या मागच्या सगळ्या हलतात. "नदी" नावाचा आख्खा फोल्डर निवडला आणि पहिल्या डिस्कच्या यादीतून उचलून दुसरीच्या यादीत टाकला. उघडूनसुद्धा पाहिला नाही. घे तुझी नदी. दुसऱ्या भागात हवी ना, मग दुसऱ्या डिस्कवर घाल आणि पी.

शुक्रवार, २८ मार्च

गेल्या दोन्ही डिस्क कारखान्यात. यापुढे त्यात अक्षराचाही बदल नाही. साचा बनला की हजारोंनी निघणार.

तपासणाऱ्यांनी सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळून पाहिला, कुठे अडला नाही. त्यांच्या यंत्रात दोन्ही डिस्कचा माल एकाच ठिकाणी भरलेला असतो, त्यामुळे काम भराभर उरकतं. शेवटी खऱ्या डिस्क घालून दोन्ही नीट सुरू होतात का तेवढं पाहिलं. दोन्ही झाल्या. मऊसाहेबाची मेल आली, "अप्रतिम शिस्त." बघा! परका माणूस बोलतो. भिंतीपलीकडून चकार शब्द नाही. नुसती एक चपटी डबी माझ्या टेबलावर ठेवलेली सापडली, दोन्ही डिस्कचा एक जोड आत, वर त्याच्या अक्षरात "आईसाठी".

माझ्यासाठी नाही. आईसाठी.

मला काही फरक पडत नाही. माझ्या मांडणीत केसाएवढी चूक नाही आणि ते त्यालाही ठाऊक आहे, म्हणून तर तोंड उघडत नाही.

शनिवार, ५ एप्रिल

शांतपणे लिहायचं ठरवलंय. जमणार नाही.

आई आठवडाभर गेम खेळतेय. मारामाऱ्या मी करून देते, चालणं ती करते. तिला फक्त स्वतःचा आवाज ऐकायचाय. आज दुपारी मी आत कपडे घड्या करत होते.

बाहेरून आई म्हणाली, "काय गं, ही बोलत का नाही?"

"कोण?"

"मी."

बाहेर गेले. पडद्यावर नदी. काठावर भाऊ उभा. नावेत नावाडीण उभी, वल्हं हातात, तोंड हलतंय, आवाज नाही. खाली लिहून यायला हवं तेही नाही. पाणी वाहतंय, ती तोंड हलवतेय, आणि काही होत नाही.

"कधीपासून बसलीयेस?"

"चहा झाल्यापासून. म्हटलं, विचार करत असेल. मला थांबायची सवय आहे गं. एक्स्चेंजमध्ये पलीकडचा उचलेपर्यंत धरूनच बसायचो."

आधी कानाला फोन लावून झापलं. तो म्हणाला, "ताई, आवाज माझ्याकडे व्यवस्थित वाजतोय. हे घ्या, ऐका." फोनमधून आई खणखणीत म्हणाली, ऊठ बघू. मग तपासणाऱ्यांना झापणार होते, नंबरही फिरवला, आणि अर्ध्यात ठेवून दिला. कारण तोवर यादी उघडली होती.

नदी आणि नावाडीण यांची चित्रं दोन्ही डिस्कवर आहेत, पण नावाडिणीचं वाक्य दुसऱ्या डिस्कवर आहे. फक्त दुसऱ्या. आवाजही, पाटीही. ज्यानं दुसरी डिस्क घातली आहे त्यालाच ऐकू येणार, की बाबा रे, दुसरी डिस्क घाल. पहिली डिस्क घातलेला माणूस काठावर उभा राहणार, आणि नावाडीण त्याच्यासमोर तोंड हलवत राहणार, जन्मभर. बोलावणं अलीकडच्या काठावरच हवं, हे शेंबड्या पोरालाही कळेल. पलीकडे पोचल्यावर हाक ऐकू येऊन काय उपयोग?

दादानं ऐनवेळी नदी हलवली म्हणून झालं हे. आणि फोल्डर न उघडता ढकलला मी. आम्ही बोलत असतो तर मी भिंतीवरून डोकं काढून म्हटलं असतं, "अरे, आणि नावाडीण?" एका वाक्याचं काम होतं.

कारखान्यात दुसरी डिस्क छापून झाली. पहिलीवरच्या चित्राचा रंग चुकला म्हणून ती मागे राहिली, ती सोमवारी सकाळी सुरू होणार. म्हणजे अजून थांबवता येईल. पण थांबवायचा शब्द फक्त दादाचा चालतो; करारच तसा आहे, सही त्याची. नाही थांबवलं तर प्रत्येक घरात प्रत्येक माणूस त्या काठावर येऊन अडकणार. पलीकडचं गाव, तो उंबरा, ती बहीण, सगळं डबीत बंद. मऊसाहेबाला कापायचं होतं ते मीच कापलं, आणि दुसरी डिस्क वाया घालवून.

वहिनीला फोन लावला.

"वहिनी, त्याला सांग की—"

"नाही सांगणार."

"अगं, फार महत्त्वाचं—"

"आज शनिवार. टपालखातं बंद," म्हणाली आणि ठेवून दिला! मोठ्या वहिनीनं असं वागावं?

म्हणजे आता मी आधी बोलायचं. का? चूक कुणाची? मऊसाहेबाला परस्पर शब्द दिला कुणी? परक्यासमोर हसला कोण? महिना उलटून गेला, भिंतीपलीकडे बसून खुर्ची करकरवतो, पण "चुकलो गं" एवढं म्हणायला याची जीभ झडते? दर वेळी मीच जायचं, मीच निवायचं, आणि यानं हसायचं, हिचं असंच असतं म्हणून. नाही जाणार. मेल टाकते. मेल तो सोमवारी दुपारपर्यंत उघडत नाही. चिठ्ठी पाठवते. कुणाबरोबर?

आई विचारतेय, लिहिणं झालं का. नाही म्हटलं. मग काय करतेस, म्हणते. बसलेय, म्हटलं.

"बसून कुणी नदी ओलांडलीये?" म्हणाली. तशीच. खणखणीत.

उठते.

रविवार, ६ एप्रिल

काल उठले ती थेट दादाच्या घरी. दार त्यानंच उघडलं. शर्टाची बटणं एक घर चुकून लावलेली. मी काही बोलले नाही, तोही नाही. वहिनीनं आम्हा दोघांकडे पाहिलं आणि बादली उचलून गच्चीवर गेली. बादली रिकामी होती.

मी सरळ आत गेले, पहिली डिस्क घातली, नदीचा काठ आणला आणि बाजूला उभी राहिले. नावाडीण तोंड हलवू लागली. तो बघत राहिला. आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे.

"ही बोलत का नाही?" म्हणाला.

मी काहीतरी थंड, कामापुरतं बोलायचं ठरवून आले होते. वाटभर घोकलं होतं. तोंडातून निघालं, "कारण तू नदी हलवलीस, गाढवा!"

त्याला कळायला वेळ लागला नाही. कारखान्याला फोन, मऊसाहेबाला फोन. मऊसाहेबाच्या आवाजातलं लोणी पहिल्यांदाच वितळलेलं ऐकलं. सोमवारची छपाई थांबली. बुधवारपर्यंत नवी पहिली डिस्क द्यायची. हे सगळं उभ्या उभ्या झालं, आणि फोन ठेवल्यावर आम्ही भांडायला बसलो.

काय भांडलो! शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली. मी फोल्डर न बघता ढकलला म्हणून त्यानं मला झाडलं, तेही बरोबरच होतं, म्हणून मला आणखी राग आला. मी जिन्यावरचं काढलं. तर काय म्हणतो?

"तू जिन्यावर आहेस हे मला दिसलं होतं. म्हणून तर मोठ्यानं बोललो."

"म्हणजे?"

"तो पलीकडचं गाव कापायलाच आला होता. एकात बसत नाही, दुसरी डिस्कच द्या, असं मी म्हटलं असतं तर त्यानं मला लोणी लावलं असतं. तू नाही म्हणालीस की त्याची वाचा बसते. तू चिडून आत यायला हवी होतीस."

"मग मला आधी सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर इतकी खरी चिडली असतीस?"

मी हातातली उशी फेकून मारली. लागली. "आणि मग महिनाभर? महिनाभर तोंडाला कुलूप का?"

त्यानं चुकीचं लावलेलं बटण काढलं, पुन्हा चुकीच्याच घरात घातलं. "तू बोलशील म्हणून थांबलो होतो."

"मी थांबले होते!"

"हो, ते दिसत होतं. भिंत ठेंगणी आहे."

पडद्यावर पाणी वाहतच होतं. नावाडीण अजून तोंड हलवत होती. मी म्हटलं, सुरुवातीची फिल्म कशाला कापलीस, थोडं इकडचं तिकडचं करून मी बसवली असती. तो म्हणाला, "बसवली असतीस, माहितीये." एवढंच. मला रडू आलं आणि त्याचाही राग आला. वहिनी रिकामी बादली घेऊन परत आली आणि म्हणाली, झालं असेल तर जेवायला बसा, आईंना घेऊन या कुणीतरी. दादा किल्ली घेऊन उठला. मी म्हटलं, वर जा, खालून हॉर्न वाजवू नकोस. दार उघडं आहे.

पण एक नोंद असू दे. आधी तो बोलला. मी फक्त आधी गेले.

मंगळवार, ८ एप्रिल

नवी पहिली डिस्क झाली. दोघांनी भिंतीच्या एकाच बाजूला बसून केली. खऱ्या डिस्क घालून, खरोखर सोफ्यावरून उठून, नदी तीनदा ओलांडली. आईचं वाक्य आता अलीकडच्या काठावर आहे.

दुसरी डिस्क मात्र छापून झालेली, तिच्यात काही बदलता येत नाही. तिच्यातही ते वाक्य राहिलंच. प्रत्येक घरात, प्रत्येक डबीत, आई तिथे "ऊठ बघू" म्हणत बसलेली आहे, आणि ते कुणालाही कधी ऐकू येणार नाही, कारण तिथवर पोचलेला माणूस आधीच उठलेला असतो. मी म्हटलं, फुकट गेलेली जागा. दादा म्हणाला, राहू दे, एवढी जागा आहे.

सुरुवातीच्या फिल्मसाठी मात्र अशी जागा काढायचं तेव्हा नाही सुचलं! आणि जिन्यावरची ती युक्ती मला अजून पचलेली नाही. माझ्या रागाचा वापर केला यानं, हातोडीसारखा, मला न विचारता, आणि वर भिंत ठेंगणी आहे म्हणतो. याच्यावर दोन पानं लिहिता येतील.

पण वहीत लिहून काय होणार? सकाळी त्याच्या तोंडावर सांगते.